गाठ आणि चाळण

डॉक्टरांबद्दल कुणी "माणूस चांगला, पण जरा विक्षिप्त" असं म्हणालं की मला राग येतो. जरा? जो माणूस पांढऱ्या कोटाच्या खिशात ढोबळी मिरची घेऊन हॉस्पिटलभर फिरतो, फ्रीवेवर पंचेचाळीस मैलांच्या वर गाडी नेत नाही आणि अमेरिकन पेशंटच्या पोटात दुर्बीण घालून मराठीतून हुकूम सोडतो, त्याला 'जरा' विक्षिप्त म्हणणं हा त्याचा अपमान आहे. ते पुरते विक्षिप्त होते. आणि त्यांच्या हाताखाली मी नऊ वर्षं काम केलं, हे मी आजही कुणी न विचारता सांगते.

मला ती नोकरी मिळाली चकल्यांमुळे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. टेक्ससमध्ये, अर्विंगला आमच्या टाऊनहाऊसमध्ये तळण काढलं की धुराचा अलार्म बोंबलायला लागायचा, म्हणून दिवाळीचा फराळ आम्ही बायका गॅरेजमध्ये करायचो. गाडी बाहेर, आत दोन शेगड्या, जमिनीवर वर्तमानपत्रं. एका शनिवारी मी चकल्या पाडत बसले होते आणि महाराष्ट्र मंडळाच्या खुर्च्या पोचवायला म्हणून डॉक्टर आले. खुर्च्या ठेवून जातील असं वाटलं, पण हा माणूस सूटबूट घालून माझ्यासमोर उकिडवा बसला आणि पंधरा मिनिटं नुसता माझ्या हातांकडे बघत राहिला. माझ्या मैत्रिणी एकमेकींना कोपरखळ्या मारायला लागल्या.

शेवटी त्यांनी आपल्या वऱ्हाडी बोलीत विचारलं, "वहिनी, तुटत काऊन नाही ही?"

"दाब सारखा ठेवला की नाही तुटत."

"आणि पीठ घट्ट झालं तर?"

"तर घाई करायची नाही."

"सोमवारी सकाळी सातला माझ्या हॉस्पिटलात या," असं म्हणून ते निघून गेले. मला वाटलं, दिवाळीची ऑर्डर आहे. सोमवारी मी दोन मोठे डबे भरून चकल्या घेऊन गेले. त्यांनी एक डबा नर्सच्या टेबलावर ठेवला, दुसरा स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवला आणि मला एक प्लास्टिकची मूठ हातात दिली. "हे तुमचं काम," म्हणाले.

ते काम म्हणजे काय, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. डॉक्टर पोटाचे. तोंडावाटे किंवा खालून लवचीक दुर्बीण आत घालून ते अन्ननलिका, जठर, आतडी बघायचे. आत देठावर वाढलेली एखादी गाठ दिसली की दुर्बिणीच्याच नळीतून तारेचा एक फास पुढे सोडायचा, तो गाठीच्या गळ्यात अडकवायचा आणि विजेचा प्रवाह देत हळूहळू आवळायचा. देठ भाजत भाजत कापला जातो. पोट फाडावं लागत नाही. दुर्बीण डॉक्टरांच्या हातात आणि विजेचं बटण त्यांच्या पायाखाली असायचं, पण फास आवळायची मूठ मदतनिसाच्या हातात. जोरात आवळली तर देठ भाजायच्या आधीच कापला जाऊन रक्ताची चिळकांडी. फारच रेंगाळली तर चटका आतड्याच्या भिंतीपर्यंत जाऊन तिला भोक. त्यांना कुणाचं सर्टिफिकेट नको होतं, चकली पाडणारी बाई हवी होती. मी कोल्हापूरची, प्राणिशास्त्रात बी.एस्सी., बेडूक कापण्यापलीकडे माझा कुणाच्या पोटाशी संबंध आलेला नव्हता. रीतसर ट्रेनिंग हॉस्पिटलने दिलं. हात मात्र डॉक्टरांनी घडवला.

तो घडवला ढोबळ्या मिरच्यांवर. मिरचीच्या टोकाला छोटं भोक पाडायचं, त्यातून दुर्बीण आत घालायची आणि आतल्या बियांचा गड्डा सालीला धक्का न लावता फासात धरायचा. सालीला डाग पडला की पेशंट मेला. शिकाऊ डॉक्टरांनाही त्यातून सुटका नव्हती. सहा फुटी टेक्सन पोरं, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि एका मिरचीपुढे घाम फुटलेला. शुक्रवारी उरलेल्या मिरच्या मी घरी न्यायचे आणि पीठ पेरून भाजी करायचे. आमचे हे म्हणायचे, "आज किती मेले?"

हुकूम मराठीतून का, याचं कारण त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. पेशंटला गुंगीचं इंजेक्शन दिलेलं असलं तरी तो ऐकत असतो. "बर्न", "कट", "ब्लीडिंग" असले शब्द कानावर पडले की त्याचं आतडं घाबरून आखडतं, आणि आखडलेल्या आतड्यात काम होत नाही. तेव्हा "हळू", "थांबा", "आवळा", "अजून एक तीळ", हे सगळं मराठीत. एक तीळ म्हणजे मुठीचा अगदी केसभर दाब. पेशंटला वाटायचं, दोघं जण घरगुती काहीतरी बोलतायत. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी जाताना मला विचारलं होतं, "तुम्ही जेवणाचं ठरवत होता का?" मी हो म्हणून सांगितलं.

ते मला वहिनीच म्हणायचे, त्यामुळे सगळ्या हॉस्पिटलची समजूत झाली की माझं नावच ते आहे. नर्सेसच्या ड्यूटीच्या फळ्यावर नऊ वर्षं 'वहिनी' असंच होतं. मीही ते दुरुस्त केलं नाही.

आणखी एक नियम त्यांनी केला होता. त्या काळात पडद्यावर चित्र दिसत नव्हतं. दुर्बिणीला डोळा लावूनच बघायचं. शेजारच्या माणसाला बघता यावं म्हणून एक जोडनळी मिळायची. सगळीकडे ती शिकाऊ डॉक्टरला देत. आमच्याकडे ती माझ्या डोळ्याला असायची. "ज्याच्या हातात फास, त्याला दिसलं पाहिजे. आंधळ्या माणसानं कुणाचा गळा आवळू नये," असं ते शिकाऊ डॉक्टरांना तोंडावर सांगायचे. ती पोरं माझ्याकडे अशी बघायची की जणू मी त्यांच्या पानातलं वाढून घेतलंय. उजव्या हातात मूठ, डाव्या हाताने डोळ्याशी धरलेली नळी, असे माझे दोन्ही हात गुंतलेले असायचे.

दुर्बिणीवर त्यांचा फार जीव. तिच्या आत हजारो काचेचे धागे असतात, त्यातला एक तुटला की चित्रात एक काळा ठिपका कायमचा येतो. डॉक्टरांना आमच्या चारही दुर्बिणींचे ठिपके पाठ होते. रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी ते दुर्बीण स्वतःच्या घड्याळावर धरून ठिपके मोजायचे. "काल हिला सात होते, आज आठ झाले. कोणी आपटली?" असं ते विचारायचे तेव्हा अख्खा विभाग जमिनीकडे बघायचा. धुवायचीसुद्धा स्वतः. हेड नर्स सांगून सांगून थकली की हे तुमचं काम नाही. ते म्हणायचे, "दुसऱ्याच्या पोटात जायचं तर आपण पाहुणे. पाहुण्यानं पाय धुऊन जावं, आणि ते पाय दुसऱ्याकडून धुऊन घेऊ नयेत."

हॉस्पिटलचे मोठे सर्जन आणि आमचे डॉक्टर यांचं जमत नसे असं सगळे सांगायचे. मला तसं कधी वाटलं नाही. सर्जन उंच, पायात काऊबॉय बूट, आवाज घनगंभीर. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जे काढायचं ते पोट उघडून, लख्ख उजेडात, बोटांना लागेल असं काढावं. किल्लीच्या भोकातून घर झाडायला जाऊ नये. डॉक्टर त्यावर त्यांना चिवडा द्यायचे. खरंच. दुपारच्या मीटिंगमध्ये वाद रंगला की ते खिशातून पुडी काढून सर्जनपुढे करायचे, आणि सर्जन बोलता बोलता दाणे वेचून खायचे. पटलं मात्र दोघांचं एकमेकांना कधीच नाही.

अशात ती स्कूलबस चालवणारी बाई आली.

वय अडुसष्ट, नुकतीच रिटायर झालेली, सगळ्यांना हनी म्हणणारी. चार महिन्यांत दोनदा काळी शौच होऊन रक्त कमी झालं म्हणून भरती झालेली. डॉक्टरांनी दुर्बीण घातली. जठराच्या पुढे लहान आतडं जिथे सुरू होतं, तिथे एका लांब देठावर मोठ्या जांभळाएवढी गाठ लोंबत होती. ती जठरातून अन्न आलं की हलायची आणि घासली जाऊन रक्त यायचं. मी जोडनळीतून बघत होते. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, नीट पाहून घ्या. अशी गाठ मी दोनदाच पाहिली. एकदा पुस्तकात आणि एकदा आज."

लहान आतड्याच्या तोंडाशी काही ग्रंथी असतात, त्यांची ती गाठ असावी असा त्यांचा अंदाज. तसं असेल तर ती साधी, काढली की विषय संपला. पण तिथे क्वचित दुसरंही काही होतं, आणि ते साधं नसतं. चिमट्याने वरचा तुकडा काढून उपयोग नव्हता, कारण वर अस्तर नेहमीचंच असतं, खरी गोष्ट आत. अख्खी गाठ हातात आल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही, हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

मोठ्या सर्जननी ऑपरेशन सुचवलं. पण बाईंचं हृदय फार कमजोर होतं. हृदयाच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की भूल दिली तर ती त्यातून उठेलच असं नाही. ती डॉक्टरांचा हात धरून म्हणाली, "हनी, मी तीस वर्षं दुसऱ्यांची मुलं घरी पोचवली. एकही हरवलं नाही. मला तेवढं घरी पोचवा. ऑपरेशनच्या टेबलावर नका ठेवू."

डॉक्टर म्हणाले, "येस मॅम." एवढंच. पण त्या आठवड्यात त्यांनी अठरा मिरच्या संपवल्या, आणि मूठ प्रत्येक वेळी माझ्याच हातात होती. मिरचीच्या आत ते दोऱ्याला मनुका बांधून लोंबत सोडायचे आणि मी फास घालायचे. तशी गाठ तशा जागेवरून दुर्बिणीने काढायचं काम आमच्या हॉस्पिटलात आधी कुणी केलेलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी आठ वाजता ती टेबलावर डाव्या कुशीवर झोपली. डॉक्टरांनी तिला सांगितलं, "मॅम, मी आत थोडं फिरून येतो." ती गुंगीतच हसली. दुर्बीण खाली गेली. गाठ दिसली. फास पुढे सरकला, एकदा निसटला, दुसऱ्यांदा गाठीवरून घसरत देठाशी जाऊन बसला.

"आवळा," डॉक्टर म्हणाले. मी आवळलं. "थांबा." त्यांच्या पायाने बटण दाबलं. देठ पांढरा पडायला लागला. "एक तीळ." मी दिला. "अजून एक. थांबा. हळू, बाप्पा, हळू. एक तीळ." किती वेळ चाललं कोण जाणे. मला फक्त तो पांढरा देठ दिसत होता आणि मुठीत त्याचा दाब लागत होता, घट्ट पिठाचा लागतो तसा. मग एकदम हाताला काही लागेनासं झालं. देठ कापला गेला होता. रक्ताचा थेंबसुद्धा नव्हता.

आणि मी नमस्कार केला.

काय सांगू? माझ्या घरात पहिली पोळी फुगली तरी हात जोडायची पद्धत. दूध उतू न जाता तापलं, विमान जमिनीवर टेकलं, मुलाचा ताप उतरला, आई हात जोडायची, मीही जोडते, हात आपोआप छातीशी येतात. तसे ते आले. उजव्या हातातली मूठ सुटली, डाव्या हातातली नळी सुटली, आणि मी डोळे मिटून उभी. त्या क्षणी मी काय करायला हवं होतं, ते मला झोपेतही सांगता आलं असतं. फास परत उघडून सुटी झालेली गाठ ताबडतोब पकडायची, कारण आतडं कुणासाठी थांबत नाही. डॉक्टर "पकडा, पकडा" म्हणाले. मी मूठ परत उचलून नळी डोळ्याला लावली तेव्हा समोर मोकळा बोगदा होता. आतड्याची एक लाट आली होती आणि गाठ वळणापलीकडे वाहून गेली होती. डॉक्टर दुर्बीण पोचेल तिथपर्यंत तिच्या मागे गेले. सापडली नाही.

दुर्बीण बाहेर काढल्यावर बाईंनी अर्धवट डोळे उघडून विचारलं, "निघाली का?"

"येस मॅम," डॉक्टर म्हणाले. "निघाली. जरा लांबच्या रस्त्यानं घरी येते आहे."

मग माझ्याकडे न बघता, त्याच आवाजात, "वहिनी, घरी रवा चाळायची चाळण आहे?"

मी बाहेर येऊन रडले. तेवढ्यात मोठे सर्जन आले. त्यांना बातमी लागली होती. ते चिडले नव्हते, त्याचाच मला जास्त त्रास झाला. ते म्हणाले, "गाठ नाही तर उत्तर नाही. कॅन्सर असेल तर देठाच्या मुळाशी तो उरलेला असणार. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये मला ऑपरेशनच सुचवावं लागेल. तिचं हृदय कसं आहे ते मलाही माहीत आहे." म्हणजे सगळं फिरून तिथेच. ती बाई टेबलावरच जाणार, आणि तिला तिथे पोचवणारी मी.

डॉक्टरांनी तिला गॅलनभर खारट पाणी प्यायला लावलं. पोट साफ करायला तेव्हा ते नुकतंच निघालं होतं. उशीर झाला तर जेवण पचतं तशी गाठही पचून विरघळेल, अशी त्यांना भीती होती. बिचारी ग्लासामागून ग्लास पीत होती आणि "हनी, हा तर समुद्र आहे" म्हणत होती. मी गाडी काढून अर्विंगला घरी गेले. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आलेल्या होत्या. मला स्टीलची मोठी चाळण घेऊन निघालेली बघून त्यांनी विचारलं, "अगं, हॉस्पिटलात कसलं चाळताय?" मी म्हटलं, "पीठ." ती चाळण त्यांनीच मला लग्नात दिली होती. ती पुन्हा घरी आली नाही, आणि नवीन कशी आली, हे त्यांनी फार सज्जनपणे कधी विचारलं नाही.

अकरा वाजल्यापासून आम्ही धुण्याच्या खोलीत होतो. एकामागून एक बेडपॅन येत होतं. माझी चूक, तेव्हा हे काम माझं, असं मी धरून चालले होते आणि हातमोजे चढवले होते. डॉक्टरांनी माझ्या हातातली चाळण काढून घेतली. उलट्या बादलीवर बसले, प्लास्टिकचा एप्रन, पायात रबरी बूट.

"डॉक्टर, द्या. मी करते."

"तुम्ही पाणी ओता. बारीक धार. दाब सारखा."

"अहो, पण चूक माझी."

"गाठ मी सोडवली, तिला घ्यायला मी जाणार. मुलीला आणायला पाहुण्यांना पाठवते का कोणी?"

मी पाणी ओतत राहिले आणि ते चाळत राहिले. मी सोवळ्याओवळ्याच्या घरातली, आणि ते, ज्यांच्या हाताखाली शिकायला लांबून पोरं यायची, ते दुसऱ्याच्या मैल्यात बोटं घालून एकेक कण चाचपत होते. नाक मुरडणं नाही, विनोद नाही. शिकाऊ डॉक्टर दारातून डोकावून जात होते. एक जण मागे कुणाला तरी हसत काही म्हणाला, तेव्हा डॉक्टरांनी मान वर न करता त्याला हाक मारली आणि पुढचं बेडपॅन आणायला पाठवलं. मला त्या बादलीवर बसलेल्या माणसाचा एवढा अभिमान वाटला की त्यापुढे माझी लाज थोडी कमी झाली.

तीनच्या सुमाराला मोठे सर्जन दारात आले. आतला प्रकार त्यांनी बराच वेळ बघितला. मग आत येऊन त्यांनी माझ्या हातातला जग घेतला, नळावर भरला, परत दिला आणि गेले.

पाचव्या खेपेला चाळणीत काहीतरी राहिलं. डॉक्टरांनी बोट फिरवलं. "धार," म्हणाले. मी धार सोडली. रंग उतरला होता, पण देठाचा भाजलेला पांढरा शेंडा तसाच होता. त्यांनी ती तळव्यावर घेतली आणि म्हणाले, "या बाई. किती वाट पाहायला लावली!" मी बाटली पुढे केली. या वेळी दोन्ही हातांनी धरली होती.

बुधवारी मी फायली लावताना त्यांचा रिपोर्ट वाचला. गाठ कापल्यावर निसटली, चूक दुर्बीण चालवणाऱ्याची, असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. माझा उल्लेखच नव्हता. मी रिपोर्ट घेऊन त्यांच्या खोलीत गेले. ते मिरची पोखरत होते.

"डॉक्टर, हे खरं नाही."

"खोलीत माझं नाव मोठं, तर चूकही माझीच मोठी. जा, दुर्बीण वाळत घाला."

घरी हे म्हणाले, "गप्प बस यार. त्यांनी वाचवलंय तुला. एकदा टेक्निशियनची चूक म्हणून कागदावर आलं की नोकरी गेलीच समज." ते चुकीचं बोलत नव्हते.

शुक्रवारच्या मीटिंगला टेक्निशियन जात नसत. मी गेले आणि मागच्या रांगेत बसले. पुढे सगळे डॉक्टर. गाठीची तपासणी करणाऱ्या बाईंनी स्लाइड लावली आणि सांगितलं की ही त्या ग्रंथींचीच गाठ, साधी, कॅन्सरचा कुठे मागमूस नाही, आणि देठाची कड पूर्ण स्वच्छ, म्हणजे मुळाशी काही उरलेलं नाही. ऑपरेशनची गरज नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवर कुणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर मी त्याचा हात दाबला असता. स्कूलबसवाली बाई सोमवारी घरी जाणार होती.

मग मोठे सर्जन उठले. "काम सुंदर झालंय, मी कबूल करतो," ते म्हणाले. "फक्त एक प्रश्न. इतक्या वर्षांत तुमच्या हातून कापलेली गाठ निसटलेली मी ऐकली नाही. या वेळी काय झालं?"

"माझ्या हातून सुटली," डॉक्टर म्हणाले.

मी उभी राहिले. खुर्ची मागे आपटली आणि सगळी डोकी वळली. माझं इंग्रजी ऐन वेळी दगा द्यायचं, तसंच दिलं. मी म्हणाले, "नो सर. ही डिड नॉट. मी सोडली. मूठ माझ्या हातात होती. गाठ कापली गेली आणि मी असं केलं." आणि भर मीटिंगमध्ये मी छातीशी हात जोडून दाखवले. "आमच्याकडे काही चांगलं झालं की असं करतात. हात रिकामे नव्हते, हे मी विसरले."

कुणी हसलं नाही. डॉक्टर पुढच्या रांगेत होते. ते मागे वळले. ते माझ्यावर खरोखर रागावलेले मी तेव्हा एकदाच पाहिले.

"वहिनी," ते मराठीत म्हणाले, सगळ्यांदेखत, "चूक सांगायला बऱ्या उभ्या राहता. काम सांगायला काऊन नाही राहात?"

मी बसायला लागले. त्यांनी हाताने थांबवलं, आणि सर्जनकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "ती उभी आहे तोवर तिला दुसराही प्रश्न विचारा. देठाची कड स्वच्छ आहे. रक्ताचा थेंब आला नाही. आतड्याला डाग नाही. तो फास कुणी आवळला, ते विचारा."

सर्जन माझ्याकडे वळले. त्यांनी ते सगळं नीट, एखाद्या डॉक्टरला विचारावं तसं विचारलं. "मॅम, फास कुणी आवळला?"

"मी," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच लागला, आणि मी तो मुळीच कमी केला नाही.